जैबुनचा अबोला

माझी धाकटी जाऊ जैबुन महा खुनशी. मशिदीतल्या ईदच्या जेवणाला तिचा पुलाव कच्चा राहिला, तसं मी चारचौघींत म्हटलं, तर तिने सहा वर्षं अबोला धरला. पण इंग्लंडातल्या आमच्या या लहानशा गावात मय्यत बाईला अखेरची अंघोळ घालायला आम्हा दोघींनाच यायचं. मशिदीतून फोन आला की दोघी जायचो. ती कोपर बुडवून पाणी कोमट आहे ना ते बघायची, मग ओतायची. मी अंग चोळायचे. एकमेकींशी एक शब्द नाही.

आज कोपर मीच बुडवलं, पाणीही मीच ओतलं. कफन बांधायच्या आधी तिला म्हटलं, "सहा वर्षं बोलली नाहीस, ते माफ. पण धाकटी असून माझ्याआधी गेलीस. आता माझं पाणी कोमट आहे का ते कोण बघणार गं? याला माफी नाही."