नववा मासा

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पुष्पलताबाईंच्या महाल भागातल्या घरी काचपेटीतला काळा मासा मेलेला दिसला. आठ सोनेरी माशांत तो एकटाच काळा होता; मखमली अंग, पदरासारखी शेपटी.

घरावरचं संकट काळा मासा स्वतःवर घेतो, या समजुतीनं त्यांनी हे नऊ मासे पाळले होते. पती देवराव यांच्या हृदयाचं ऑपरेशन त्याच दिवशी अकराला होतं. मुलगा मोहित दवाखान्यात थांबला होता.

"काहून रडून राहिली वं?" बाई मुलीला, मयुराला म्हणाल्या. "तुह्या बाबावरचं घेऊन गेला तो."

"किती देखणा होता वं, आई."

मयुरानं त्याला गच्चीवरच्या कुंडीत पुरलं.

सव्वाअकराला ती माशांना दाणे टाकायला गेली. सोनेरी माशांमधून काळा मासा संथ पोहत होता. शेपटीला कुंडीतली लाल माती चिकटलेली होती. तिनं धावत जाऊन कुंडी उकरली. आत काही नव्हतं.

"काढ त्याले बाहेर! पुन्हा पूर!" बाई ओरडल्या.

"जिता आहे ना वं तो!"

तेवढ्यात मोहितचा फोन आला. काळा मासा वळला आणि फोनच्या दिशेनं काचेला तोंड लावून थांबला.

दुपारी एकपर्यंत फोन सहा वेळा वाजला. दोघींपैकी कोणीही तो उचललेला नाही.