उजवीकडचं मीटर

"यातलं बंद कुठलं करायचं?" बोळात शिरत वायरमनने विचारलं.

"उजवीकडचं. दादाचं," धाकटा म्हणाला. "डावीकडचं माझं. पण आधी चहा घ्या की, घाई काय आहे?"

दादा दुकान आवरून मुलीकडे राहायला गेला त्याला तीनच दिवस झाले होते. धाकट्याच्याने ते मीटर काढवत नव्हतं.

वडिलांच्या शिवणकामाच्या दुकानात मधोमध भिंत घालून नऊ वर्षं झाली होती. दोन्ही मीटरं त्याच आठवड्यात बसली. धाकट्याने मोटारीवरची सहा मशीनं आणि वाफेची इस्त्री घेतली, शाळांचे गणवेश शिवायला लागला. दादा भिंतीपलीकडे वडिलांच्या पायमशीनवर उसवलेलं शिवून द्यायचा, पँटी आखूड करून द्यायचा.

धाकटा भारी शिस्तीचा. दर सोमवारी मीटरचा आकडा वहीत उतरवायचा. जेवणाच्या सुट्टीत सगळी बटणं बंद. मशीनंही कमी वीज खाणारी, असं विकणाऱ्याने शपथेवर सांगितलेलं. बिल इतकं कमी यायचं की तो ते गिऱ्हाइकांनाही दाखवायचा. नवे दिवे बसवले त्या आठवड्यात तर आकडा जेमतेम हलला. दादा तेव्हा तापाने अंथरुणात होता, तर हा पठ्ठ्या वही घेऊन घरी सांगायला गेला.

दादाचं बिल मात्र डोळे पांढरे करणारं.

"अरे, एक दिवा, एक पंखा. काहीतरी चुकतंय," दादा एकदा म्हणाला. "जरा बघतोस का येऊन?"

"चुकतंय ते बटणापाशी. दोनदा दिवा तसाच ठेवून घरी गेलास. वीज काय बापाची आहे?"

सगळे कारागीर हसले. दादाही हसला, कानकोंडा होऊन. ते आठवलं की धाकट्याला आता स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं.

त्या दिवशी त्याने दादाच्या हातात एक कोरी वही ठेवली. "रोज लिही. लिहिलं की कळतं कुठे जातंय ते."

बिलं भरता भरता दादा मेटाकुटीला आला. धाकट्याला मदत करता आली असती. बेशिस्तीला खतपाणी नको म्हणून त्याने हात आखडता घेतला. शेवटचं बिल दादाने पायमशीन विकून भरलं आणि किल्ली आणून दिली. "तुझंच खरं असेल रे," तो म्हणाला. "मला नाही जमलं." धाकट्याने ती खिशात टाकली. थांब म्हणायला हवं होतं, तेवढंही त्याला सुचलं नाही.

वायरमनचा चहा होईतो त्याने दादाचं शटर वर केलं. मशीनच्या जागी फरशीवर चार पायांचे गंजके डाग होते. वर दिवा जळत होता.

"जातानाही विसरलास ना," धाकटा पुटपुटला. त्याला हसू आलं. हात बटणापर्यंत गेला, पण त्याने तो मागे घेतला. आता कापणारच आहेत, तोवर जळू दे बिचाऱ्याचा दिवा.

फळीवर ती वही होती. त्याने मधलंच पान उघडलं. दादाचं वळणदार अक्षर.

'पंखा लावला नाही. चोवीस युनिट.'

'पंखा नाही, दिवाही नाही. दारात बसून शिवलं. सव्वीस युनिट.'

'दुपारीच घरी गेलो. पंचवीस युनिट.'

धाकट्याने वही मिटली. सरळ सरळ खोटं होतं हे. जन्मात कधी खोटं न बोललेला दादा आपल्या धाकाने खोटं लिहायला लागला होता. त्याला उद्याच मुलीकडून घेऊन यायचं, त्याचा दिवा-पंखा आपल्या मीटरवर घ्यायचा, एक अक्षर बोलायचं नाही. हे आधीच का केलं नाही आपण?

"साहेब, उजवीकडचंच ना?" वायरमनने बोळातून हाक मारली.

"हो, करा बंद."

खट्ट आवाज झाला. भिंतीपलीकडे सहाही मशीनं एकदम थांबली.

"शेठ, वीज गेली!" कारागीर ओरडला.

धाकट्याने वर पाहिलं. दादाचा दिवा जळतच होता.