सांध्यातला बुडबुडा

"बाई, तुमचा लेख अभिप्रायासाठी माझ्याकडे आलाय. हे सांगायचं नसतं, पण सांगतोय," खडूस सर म्हणाले.

खेकडेबाईंच्या कपाळाला आठी पडली. ही दोन्ही नावं विद्यार्थ्यांनी ठेवलेली, आणि दोघांनीही ती स्वकष्टानं कमावलेली. संग्रहालयाच्या एकाच मजल्यावर बसून दोघांचा वर्षानुवर्षं उभा दावा.

टेबलावर बाईंच्या लेखातला खेकडा होता, दगड झालेला जीवाश्म. पाठीचं कवच लांबीपेक्षा रुंद, कडेला पाच काटे, डोळ्यांच्या खोबणींमध्ये बारीक दाण्यांची ओळ. सगळं अगदी आधी माहीत असलेल्या भाऊबंदांसारखं. वेगळी होती ती एकुलती एक नांगी. फुगीर, आतून दाढेसारखा जाड दात असलेली. त्या एका दातावर बाईंची नवी प्रजाती उभी होती.

"फोटोत नांगीच्या सांध्यात बुडबुडा दिसतोय," सर म्हणाले. "या दगडात बुडबुडा कुठला? गोंदात मात्र असतो."

"म्हणजे नांगी चिकटवलेली आहे? तुमचं आपलं काहीतरीच!"

"तुम्हीच बघा. मी हातसुद्धा लावत नाही."

बाईंनी गोंद विरघळवणाऱ्या द्रावणात कापूस बुडवला. अगदी जिवावर आलं होतं, तरी सांध्यावरून फिरवला. फिरवत राहिल्या. नांगी सुटून टेबलावर पडली. तिला चिकटलेला दगड राखाडी होता, खेकड्याचा पिवळट.

प्रजाती गेली होती, पण अब्रू वाचली होती, आणि तीही या माणसामुळे. त्यांना भरून आलं.

"भर परिषदेत दाखवलं असतंत तर मला तोंड लपवायला जागा उरली नसती. फार उपकार झाले हो तुमचे."

"उपकार कसले," सर पुटपुटले. त्यांनी खिशातून एक डबी काढून टेबलावर ठेवली. आत त्यांचा खेकडा होता. ज्याच्यामुळे सरांचं नाव झालं, जो पाठ्यपुस्तकात छापला गेला, तोच.

"दोन्ही एकाच जुन्या संग्राहकाच्या कपाटातले," ते म्हणाले. "यालाही एकच नांगी आहे. माझा हात धजत नाहीये, बाई. तुम्ही फिरवाल कापूस?"

बाईंनी नवा बोळा घेतला. मग तो तसाच खाली ठेवला, उठल्या, आणि आधी खोलीचं दार लावून आल्या.