एक बोट

समोरून गाडी आली की रामराम म्हणून स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ही कॅन्ससमधल्या त्या सरळसोट हायवेची रीत. लोरीननं ती बावीस वर्षं पाळली. आज मात्र ती नवऱ्याला, व्हर्ननला, कायमचं सोडून निघाली होती. टोपी डोळ्यांवर ओढून तिनं निळा पिकअप दामटला. ओळखीच्या गाड्या येत होत्या, बोटं उचलली जात होती. हिनं एकदाही उचललं नाही. कुणाला तोंडच दाखवायला नको!

शंभर मैलांवरच्या एकुलत्या एक पंपावर ती थांबली. इथून पुढे मोठा रस्ता, मग बहिणीचं घर.

काउंटरवरच्या म्हातारीनं विचारलं, "निळा पिकअप? म्हणजे लोरीन तूच ना गं? तुझ्या सासूचा फोन आला होता."

लोरीननं टोपी आणखी खाली ओढली. "त्यांना कुणी सांगितलं?"

"अगं, नऊ जणांनी कळवलं! लोरीननं आज बोट उचललं नाही, म्हणजे बरं नसणार पोरीला. काळजी करू नकोस, व्हर्नन निघालाय न्यायला."

 

मग म्हातारीनं मायेनं हात पुढे केला. "आण ती किल्ली इकडे. अशा अवस्थेत मी नाही हो तुला पुढे जाऊ देणार."