शुभ-लाभच्या स्टिकरखाली

"तुम्ही धडधडीत खोटं बोललात, साहेब!" कुंदा चंद्रावरून पृथ्वीवरच्या कचेरीला फोनवर सुनावत होती. "म्हणे, घुमटाचं प्लास्टिक पहिल्यापासूनच पिवळट होतं!"

त्याच घुमटाखाली तिची तान्ही भाची पाळण्यात झोपली होती. वास्तुशांतीला भाऊ हणमंताने हौसेने बाहेरून ‘शुभ-लाभ’चा स्टिकर चिकटवला होता. आज कुंदाने बाहेर जाऊन तो सोलून काढला आणि फोटो कचेरीला पाठवला. त्याखालचं प्लास्टिक नितळ, लवचीक होतं. भोवतालचं मात्र, चंद्रावर हवा नसल्याने न गाळता येणाऱ्या अतिनील किरणांनी पिवळं पडून तडकलं होतं.

"ताई, यापेक्षा सोलापूरचं ऊन बरं गं," हणमंता पुटपुटला. त्याचा हात पाळण्यावरून हलत नव्हता.

"फोटो मिळाला ना?" कुंदा ओरडली. "मग बोला! आम्हाला आजच भुयारात हलवताय, की घुमट फाटल्यावर?"