मुठीचं माप

पहिल्या फटक्यात तिचा ओठ फाटला. दुसऱ्यात ती ओट्यावर आदळली आणि कपबश्यांचा चुरा झाला. दाराशी भरून ठेवलेली तिची बॅग नवऱ्यानं लाथेनं उडवली आणि खिशातून पिस्तूल काढलं.

“बाप मेला, माहेर संपलं. आता कुठे निघालीस गं?”

ते तळहाताएवढं पिस्तूल तिच्या ओळखीचं होतं. बाबांच्या हातचं शेवटचं काम. बाबा बंदुका दुरुस्त करायचे. लहानपणी त्यांच्या पायाशी बसून तिनं सांडलेल्या स्प्रिंगा वेचल्या होत्या. खिशातल्या पिस्तुलाबद्दल त्यांचं एकच पालुपद असे, “गोळ्यांचं मॅगझिन सोडवायचा खटका मुठीच्या तळाशीच हवा. वर अंगठ्याशी बटण दिलं, की ते नको तेव्हा दबतं.”

तळाचा खटका अडकतो म्हणून नवऱ्यानं पिस्तूल त्यांच्याकडे नेलं, तेव्हा ती सोबत होती. मनगटावर बोटांचे निळे वळ होते. बाबा त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. रिकामं पिस्तूल जावयाच्या हातात ठेवून म्हणाले, “जावईबापू, मूठ आवळा बघू. आणखी. लाजता काय, घरचंच काम आहे!”

नवरा हसत हसत आवळत गेला. अंगठा जिथे रुतला, तिथे बाबांनी खडूनं खूण केली. तळाचा खटका काढून टाकला आणि नेमकं खुणेवर बटण बसवलं.

“हलक्या हातानं धरलंत तर जन्मभर साथ देईल.”

ती आतल्या आत जळली. लेकीच्या मनगटाकडे न बघणारा बाप जावयाच्या मुठीचं माप घेत बसला होता, तेही स्वतःचा शब्द मोडून. पुढे बाबा गेले, तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

“दातखिळी बसली का? एक पाऊल टाक, इथंच आडवी करतो!” नळी तिच्या कपाळाला टेकली होती.

तिनं पाऊल टाकलं. त्याचा चेहरा लाल झाला, मूठ पांढरी पडली.

खट्.

मॅगझिन मुठीतून निसटून फुटक्या कपांवर पडलं. त्यानं चाप ओढला. पुन्हा ओढला. मॅगझिन जागेवर नसलं, की या जातीच्या पिस्तुलातून नळीतली गोळीही उडत नाही, हे बाबांच्या लेकीला ठाऊक होतं. जावयाला नव्हतं.

तो उचलायला वाकला. तिनं ओट्याशेजारची इस्त्री दोन्ही हातांनी उचलून त्याच्या मनगटावर घातली. हाड कडाडलं. तो गुरासारखा ओरडत लोळू लागला. तिनं मॅगझिन उचललं, बॅग उचलली आणि दार ओढून घेतलं.

जिन्यात मात्र भिंतीला टेकून ती खाली बसली आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच हमसून हमसून रडली.

बाबांनी मनगट बघितलं होतं.