बिनवासाचा रंग

सुमती उंबऱ्याबाहेरच थांबली. पर्समधून तिने दम्याचा पंप काढला, मुठीत धरला आणि मगच चपला काढल्या.

"ये आत. काही होत नाही," त्र्यंबकराव म्हणाले. आवाज त्यांना हवा होता तितका ठाम निघाला नाही.

बेडरूमचं दार, खिडकीचं ग्रिल आणि तिचं कपड्यांचं कपाट त्यांनी आज सकाळीच रंगवलं होतं. मुद्दाम आजच. आधी रंगवून, खिडक्या उघड्या टाकून मग तिला बोलावणं ही लबाडी झाली असती.

ती पलंगाच्या कडेला टेकली. ते दाराला पाठ लावून उभे राहणार होते. रंग ओला असल्याचं आठवलं तसे चटकन बाजूला झाले आणि खुर्ची ओढून बसले. तिच्या श्वासाकडे बघत राहिले.

एके काळी ते डोंबिवली एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यातून घरी आले, की शर्टाला लागलेल्या थिनरच्या वासानेच तिची छाती भरून यायची. आंघोळ केली तरी तो वास केसांत उरायचाच. एका दिवाळीत शेजाऱ्यांनी घर रंगवायला काढलं आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथून ती परस्पर ठाण्याला गेली, वल्लरीकडे, म्हणजे त्यांच्या मुलीकडे. थोडे दिवस, असं ठरलं होतं. त्याला सहा वर्षं झाली.

त्या सहा वर्षांत त्र्यंबकरावांनी हा रंग केला. एरंडाच्या तेलाचा. थिनरचा एक थेंब नाही, नुसता पाण्यात कालवलेला. सुरुवातीला तो सुकायचाच नाही, बोट लावलं की चिकटायचा. सुकायला लागला, तर पाणी पडलं की पांढरा व्हायचा. पुढे तेही जमलं, तर नखाने सोलला की कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघून हातात यायचा. रिटायर झाले तरी ते कारखान्याच्या लॅबमध्ये जात राहिले, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. कंपनीला तो बाजारात आणायचा होता. त्यांना मात्र तो या दाराला लावायचा होता.

बराच वेळ झाला. ती खोकली नाही. उठून कपाटापाशी गेली, पदर सावरला, नाक अगदी जवळ नेलं आणि खोल श्वास घेतला. त्र्यंबकरावांनी आपला रोखून धरला.

"खरंच वास नाही हो," ती म्हणाली. "कसलाच नाही."

पंप पर्समध्ये गेला. त्र्यंबकरावांना एकदम बोलणं फुटलं. तेलाचे कण एकमेकांना धरून कसं जाळं विणतात, पाणी उडून गेलं की मागे हवेत सुटण्यासारखं काही उरतच कसं नाही, काय काय सांगत सुटले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चहा टाकते."

स्वयंपाकघरात तिने साखरेसाठी खालचा कप्पा उघडला. तिथे वर्तमानपत्रांची रद्दी होती.

"वर ठेवतो हल्ली," ते म्हणाले.

चहा पिताना त्यांनी विचारलं, "मग सामान कधी आणायचं? मी टेम्पो ठरवतो."

सुमतीने कप खाली ठेवला. "अहो, मी राहायला नाही आले. रंग बघायला आले. वल्लरी म्हणाली, बाबांनी एवढं केलंय, बघून तरी ये."

"पण आता वास गेला ना!"

"गेला. तुम्ही घालवलात." तिने कप बाजूला सरकवला. "पण ठाणं अर्ध्या तासावर होतं हो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तसं काही नव्हतं. बाहेर थंडी आहे, असं सांगावं तसं तिने ते सांगितलं होतं.

"लॅबमध्ये रविवारी..." ते सांगायला लागले.

तिने कप विसळून पालथे घातले. चपला घातल्या. ते शर्टाची बटणं लावत तिच्या मागोमाग जिना उतरले.

"या रविवारी येऊ मी?" नाक्यावर त्यांनी विचारलं.

"या ना." ती हसली, चांगली हसली. "फक्त फोन करून या. सकाळी मी घरी नसते."

ती कुठे जाते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. विचारावं असं मनात आलं, पण तेवढ्यात शेअर रिक्षा समोर येऊन उभी राहिली.

"स्टेशन, स्टेशन!" रिक्षावाल्याने मान बाहेर काढून दोघांकडे पाहिलं. "दोघं असाल तर मागच्या रिक्षात बसा काका. इथे एकच सीट आहे."

"एकच आहे," सुमती म्हणाली आणि साडी सावरून आत सरकली.